पाठ केलेलं खरं

व्लास्ता शिमुंदिच कॉरिडॉरमधून निघाली की प्राध्यापक मंडळी आपापल्या खोलीचं दार हळूच लोटून घेत. भीतीने नव्हे. बरं, भीतीनेच म्हणा, उगाच कशाला झाकायचं! बाई समोर आली की तुमचं काहीतरी राहून गेलेलं बाहेर निघणारच. लेखीचे गुण कमी करून तुम्ही तोंडीचे वाढवलेत, त्याला अभ्यास मंडळाची मंजुरी घेतलीत का? प्रबंध तपासलात, पण दुसऱ्या परीक्षकाने तो उघडून तरी पाहिला का? आणि हे सगळं कॉफीचा कप हातात धरून, हसत हसत, वर "तुमच्याच भल्याचं विचारते हो" असं म्हणत. अशा बाईवर माणूस चिडणार तरी कसा? मनातल्या मनात चिडायचं आणि मुकाट्याने मंजुरी घेऊन यायची.

वर्बोवाचच्या आमच्या बिझनेस स्कूलमध्ये ती गुणवत्ता कक्षाची प्रमुख. कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, कुरकुरणारा हीटर आणि खिडकीबाहेर द्रावा नदी. शिकवणारे वरच्या मजल्यांवर, शिकवलेलं नीट शिकवलं की नाही हे बघणारी तळाला. "पाया आहे मी," ती म्हणायची, आणि हे ती गमतीने म्हणत नसे.

मूळची ती कापडगिरणीतली. माल रवाना करायच्या खात्यात होती. गिरणी बंद पडली त्या दिवशी बाकीच्या बायका फाटकाशी उभ्या राहून रडल्या. व्लास्ता रडली नाही, तिचं डोकं फिरलं. "एवढ्या बायका, हातात एवढं कसब, आणि एकीपाशीही पदवी नाही! उद्या दारात कोण उभं करणार आपल्याला?" घरात दोन लहान पोरं, नवरा मातो रेल्वेत गार्ड. तरी बाईने दर शनिवारी पहाटेची गाडी पकडून राजधानीचं झाग्रेब गाठलं आणि पदवी घेतली. मग या स्कूलमध्ये कारकून म्हणून लागली. पुढे हुकूम निघाला की प्रत्येक विद्यापीठात गुणवत्ता कक्ष हवाच. गुणवत्ता म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्राध्यापकांनी ते काम एकमेकांकडे ढकलत ढकलत शेवटी व्लास्ताच्या टेबलावर आणून टाकलं. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती आपण कुणाच्या हातात काय देतोय.

तिने पहिलं काय केलं असेल, तर शनिवारचा वर्ग सुरू करायला लावला. नोकरी करणाऱ्यांसाठी, आठवडाभर राबून शनिवारी बाकावर येऊन बसणाऱ्यांसाठी. दुकानातल्या मुली, ट्रकच्या फेऱ्या लावणारे, साखर कारखान्यात काट्यावर बसणारे, एक तर नातवंडं झालेला पोस्टमन. डीनपासून शिपायापर्यंत सगळे म्हणाले, कोण येणार शनिवारी? आले. जागा पुरेनाशी झाली. त्या वर्गातून पदवी घेऊन गेलेली माणसं आज आमच्या गावात बँकेत आहेत, नगरपालिकेत आहेत, दोघींनी तर स्वतःची कंपनी काढलीय. व्लास्ताला त्यातल्या प्रत्येकाचं नाव पाठ. स्वतःच्या पोरांच्या वाढदिवसाला एखादे वेळी चुकेल, पण यांच्या नावात चुकणार नाही.

आणि आता नेमका हाच वर्ग धोक्यात आला होता. मान्यतेची मुदत संपत होती. पाहणी समिती येणार, दोन दिवस बसणार आणि ठरवणार की शनिवारचं शिक्षण रोजच्या शिक्षणाच्या तोडीचं आहे की नुसतं पदव्या वाटणं चाललंय. शेजारच्या गावातला असाच वर्ग गेल्या वसंतात बंद झाला होता. समितीने दोन ओळी लिहिल्या आणि कुलूप लागलं. तिथली पोरं आता कुठे शिकतात? कुठेच नाही.

"आपला बंद होणार नाही," व्लास्ताने जाहीर केलं. "मी आहे ना."

तिचा तसा विश्वासच होता. बाह्या सरसावून ती कामाला लागली. अहवाल तिने स्वतः लिहिला. प्राध्यापकांची तालीम घेतली, ग्रंथपालाची घेतली, झाडूवाल्या बाईचीही घेतली. डीन त्वर्तको मारोश तिच्याच वयाचा, गिरणीच्या चाळीत तिच्या शेजारी वाढलेला. चार माणसांत ती त्याला डीनसाहेब म्हणायची, एरवी त्वर्तको. तो एक दिवस भली मोठी टोपली घेऊन तिच्या खोलीत आला. टोपलीत घरचं कुलेन, म्हणजे आमच्याकडचं तिखट लालभडक सॉसेज, आणि मनगटाएवढी जाड बाटली, रकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची.

"समितीसाठी," तो म्हणाला. "निघताना हातात द्यायचं. आपली स्लावोनियाची रीत आहे, व्लास्ता. पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये."

"आणि उद्या पेपरात येईल की मान्यता सॉसेजवर मिळाली. घेऊन जा ते."

"अगं, माझ्या सासऱ्याने स्वतः भरलंय!"

"मग सासऱ्याला खाऊ घाल. नाहीतर असं कर, ठेव इथे. समिती गेली की आपण खाऊ."

टोपली राहिली, बाटली मात्र डीन परत घेऊन गेला.

मग आली विद्यार्थ्यांची तालीम. समितीची विद्यार्थ्यांशी भेट ही सगळ्यांत अवघड गोष्ट, कारण तिथे स्कूलमधल्या कुणालाही आत बसू देत नाहीत. दार बंद. पोरं काय बोलतील ते बोलतील. व्लास्ताला बंद दाराआडचं काही सहन होत नसे. तिने शनिवारच्या वर्गाला मोठ्या हॉलमध्ये बसवलं.

"पोरांनो, ते विचारतील, तुमचं इथे कुणी ऐकतं का? काय सांगाल?"

"ऐकतात!" सगळे ओरडले. पोस्टमन सगळ्यांत मोठ्याने.

"नुसतं ऐकतात नाही. दाखला द्यायचा. शनिवारी ग्रंथालय बंद असायचं. आम्ही अभिप्रायात लिहिलं. आता ते संध्याकाळपर्यंत उघडं असतं. खरं की नाही?"

खरंच होतं. ग्रंथालय उघडं ठेवायला तिने काय काय केलं होतं, ते तिचं तिला ठाऊक.

"आणि शेवटी म्हणायचं, इथे आमचा आवाज पोचतो. सावकाश म्हणायचं. घाईने म्हटलं की खोटं वाटतं."

मागच्या बाकावरून सानेलाने हात वर केला. आमच्याकडे साखर उसाची नाही, बिटाची होते; सानेला साखर कारखान्यात बिटाच्या ट्रकांचं वजन करायची. तिशीतली, फटकळ. "बाई, आणि जे लिहूनही झालंच नाही, त्याचं काय सांगायचं?"

"ते विचारतील तेव्हा बघू. आधी हे पक्कं करा."

समितीला भेटायला जायचे सहा जण व्लास्ताने स्वतः निवडले. सानेलाला घेतलं नाही. फार बोलते, म्हणून.

घरी मातो जेवता जेवता म्हणाला, "आमच्याकडे साहेब तपासणीला येणार कळलं की आम्ही सगळे टोप्या सरळ करून उभे राहायचो. गाडीतून उतरल्या उतरल्या साहेब म्हणायचा, अरे, आज टोप्या बऱ्याच सरळ आहेत!"

"ती रेल्वे होती," व्लास्ता म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक मिरची वाढली.

समिती आली ती ऐन नोव्हेंबरात, बिटाच्या हंगामात. सगळा रस्ता ट्रकांनी भरलेला, चिखलाने बरबटलेला. समितीची प्रमुख होती ब्रेदा ओब्लाक, शेजारच्या देशातल्या ल्युब्ल्यानाची प्राध्यापिका. आपली भाषा तिला आपल्याइतकीच कळत होती, त्यामुळे दुभाषाच्या आड लपायची सोय नव्हती. उंच, किडकिडीत, करड्या केसांची बाई. कॉफी घेतली, पण बिस्किटाला हात लावला नाही. शुक्रवार छान गेला. प्राध्यापक नीट बोलले. डीन जरा जास्तच बोलला, पण तो नेहमीच बोलतो.

शनिवारी सकाळी ते सहा जण आत गेले आणि दार बंद झालं. व्लास्ता बाहेर बाकावर बसून राहिली. वेळ संपली तसे सहाही जण लाल चेहऱ्यांनी, खिदळत बाहेर पडले.

"झकास झालं, बाई!" पोस्टमन म्हणाला. "एक शब्द चुकला नाही कुणाचा."

"ग्रंथालयाचं कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"मीसुद्धा," मागची मुलगी म्हणाली.

"मी तर तुम्ही सांगितलंत तसं मध्ये थांबून म्हटलं," तिसरा म्हणाला. "इथे आमचा... आवाज... पोचतो."

"सगळ्यांनी सांगितलं?" व्लास्ताने विचारलं. "सहाही जणांनी? ग्रंथालयाचंच?"

"मग! पाठच होतं ना!"

तेवढ्यात दार उघडून ब्रेदा ओब्लाक बाहेर आली. कप भरून घेताना सहज बोलावं तसं म्हणाली, "तुमच्याकडची घोकंपट्टी चांगली आहे, शिमुंदिचबाई." आणि कप घेऊन आत गेली.

व्लास्ता तिथेच उभी राहिली. तिला कळलं, वर्ग बुडाला. ग्रंथालय उघडं होतं, पोरांनी लिहिलं म्हणूनच ते उघडलं होतं, त्यात कणभर खोट नव्हती. पण एकच खरं सहा तोंडांनी एकाच शब्दांत सांगितलं तर ऐकणाऱ्याला काय वाटणार? दुसरी कुठली संस्था असती तर व्लास्तानेच शेरा मारला असता, की इथे पोपट पाळलेत. आणि ते पोपट तिने स्वतः पढवले होते, दुसऱ्या कुणी नाही. शेजारच्या गावातल्या वर्गाला कुलूप लागलं तेव्हा ती म्हणाली होती, तिथल्या कक्षात कुणी धड माणूस नसणार. आता इथे होतं की धड माणूस! तिला स्वतःची अशी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

बसून रडायचा तिचा स्वभाव नव्हता. ती तडक डीनच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगितलं.

"गप्प राहा," डीन म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "कदाचित फारसं मनावर घेणार नाहीत. हसल्या असतील."

"ती बाई हसत नाही, त्वर्तको. मी जाऊन सांगते."

"काय सांगतेस?"

"की मी पढवलं. आणि वर हिशेबाचा तास चालू आहे, उरलेला सगळा वर्ग तिथे बसलाय. त्यांना जाऊन विचारा म्हणते."

डीन खुर्चीतून अर्धा उठला. "तुला वेडबिड लागलंय का? त्या वर्गात सानेला आहे!"

"आहे."

"ती गेल्या वर्षी माझ्या तोंडावर म्हणाली की माझ्या तासाला झोप येते!"

"येते," व्लास्ता म्हणाली. "मीही बसलेय तुझ्या तासाला."

"आणि तिने वर्गच बुडवला तर?"

"मी तर बुडवलाच आहे. आता दुसऱ्या कुणाला तरी तो वाचवून बघू दे."

डीन काही म्हणायच्या आत ती बाहेर पडली होती. समितीच्या खोलीचं दार तिने ठोठावलं आणि उघडलं.

"ओब्लाकबाई, दोन मिनिटं हवीत."

"वेळापत्रकात नाहीत, बाई."

"वेळापत्रक मीच केलंय. त्यात एक घोटाळाही मीच केलाय, तो सांगायला आले." ती उभीच राहिली. "त्या सहा जणांना मी निवडलं आणि मी पढवलं. गोष्ट खरी आहे, हवं तर आत्ता ग्रंथालयात जाऊन बघा. पण शब्द माझे आहेत. पोरांचा दोष नाही त्यात."

"तिसऱ्याने तोंड उघडलं तेव्हाच कळलं मला."

"मग ती भेट धरू नका. वरच्या मजल्यावर तास चालू आहे. त्यातल्या एकालाही मी निवडलेलं नाही. प्राध्यापकाला बाहेर काढा, दार लावा आणि वाटेल ते विचारा."

ब्रेदा ओब्लाकने पेन खाली ठेवलं. "आणि ते काय सांगतील?"

"मला माहीत नाही," व्लास्ता म्हणाली.

या इमारतीत एवढ्या वर्षांत तिने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. गंमत म्हणजे म्हणून झाल्यावर तिला बरं वाटलं, घट्ट बूट काढल्यासारखं.

"पढवलेली पोरं मला सगळीकडे भेटतात," ब्रेदा ओब्लाक उठत म्हणाली. "पढवणारी बाई स्वतः येऊन सांगते, असं पहिल्यांदाच बघतेय. चला, कुठला जिना?"

समिती वर गेली. हिशेबाचे प्राध्यापक खडूने माखलेले हात झटकत, काय चाललंय काय म्हणत बाहेर आले. दार लागलं. व्लास्ता आणि डीन जिन्यापाशी उभे राहिले. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग एकदम हसण्याचा आवाज. मग पुन्हा शांतता, आणि त्या शांततेत एकच आवाज चढत गेला. बाईचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण आवाज कुणाचा ते दोघांनाही कळलं.

"सानेला," डीन कण्हला. "गेलो आपण."

"माझ्या कोपराला धरू नकोस, दुखतंय," व्लास्ता म्हणाली.

फार वेळ गेला. दार उघडलं तेव्हा समिती तडक खाली निघून गेली. सानेला शेवटी बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. व्लास्ताकडे न बघता ती जिना उतरली.

दुपारी सगळ्या कर्मचाऱ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. समिती जाण्याआधी आपलं मत वाचून दाखवते, अशी पद्धत आहे. हरकत असेल तर नंतर लेखी घ्यायची, पण त्या दिवशी मुकाट ऐकायचं. ब्रेदा ओब्लाक उभी राहिली. आधी इमारत, मग अभ्यासक्रम, मग प्राध्यापक. आवाजात चढ नाही, उतार नाही. शेवटी ती म्हणाली, "शनिवारच्या वर्गाची मान्यता पूर्ण मुदतीसाठी कायम ठेवावी अशी शिफारस आम्ही करणार आहोत. या वर्गातल्या लोकांना काय शिकायचंय ते नीट माहीत आहे आणि ते इथे शिकतायत. हे आम्हाला सकाळी दिसलं नाही. नंतर दिसलं."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. डीनने शेजारच्या माणसाला मिठीच मारली. व्लास्ताच्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला. वर्ग वाचला. ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

"अजून आहे," ब्रेदा ओब्लाक म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"एका खात्याला आम्ही असमाधानकारक असा शेरा देत आहोत. गुणवत्ता कक्षाला."

मागच्या रांगेत मार्केटिंगचे दोन प्राध्यापक बसले होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मंजुऱ्या आणि सह्यांसाठी वर्षानुवर्षं पिडलेली माणसं ती. त्यांना आनंद लपवता आला नाही. मला त्यांचा राग नाही, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

"वर एका विद्यार्थिनीने आम्हाला सांगितलं," ब्रेदा ओब्लाक वाचत होती. "शनिवारच्या वर्गाच्या परीक्षा प्राध्यापकांच्या सोयीने आठवड्याच्या मधल्या वारी ठेवतात, आणि त्या येतात ऐन बिटाच्या हंगामात. तेव्हा कारखान्यातल्या कुणालाही रजा मिळत नाही. हे तिने आणि तिच्या मैत्रिणीने प्रत्येक सत्राच्या अभिप्रायात लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. ना होय, ना नाही. मैत्रिणीचा एकच विषय राहिला होता. ती कंटाळून सोडून गेली. आम्ही कक्षाच्या अहवालात पाहिलं, तर त्या सत्रात विद्यार्थी 'अतिशय समाधानी' अशी नोंद आहे."

व्लास्ताचे कान तापले. तिला आठवलं. सगळं नाही, पण बिटाच्या हंगामाबद्दल कुणीतरी काही लिहितं, एवढं आठवलं. तिच्या कक्षाने गुणांची सरासरी काढली होती, ती उत्तम आली होती. आणि लिहिलेला मजकूर नियमाप्रमाणे विभागाकडे रवाना केला होता. पोचही घेतली होती! तोंड उघडून हे सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं. मी पाठवलं होतं. विभागाने दाबून ठेवलं. माझं काम मी केलं.

असं म्हणणारी माणसं तिला रोज भेटायची. मी तर पाठवलं होतं, असं म्हणून काखा वर करणारी. आणि अशांना ती काय म्हणायची, ते हॉलमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. पाठवलंत, पण पुढे झालं काय? सगळे तिच्याकडे बघत होते.

"शिमुंदिचबाई, काही म्हणायचंय?" ब्रेदा ओब्लाकने विचारलं.

व्लास्ता उठली. "शेरा बरोबर आहे," ती म्हणाली. "लिहा."

समिती गेली. डीन धावत तिच्या खोलीत आला. वर्ग वाचल्याच्या आनंदात त्याने टोपलीतलं कुलेन स्वतःच कापायला घेतलं. "आपण त्या शेऱ्यावर हरकत घेऊ. तू इतकं केलंस आणि तुलाच शेरा? हा कुठला न्याय! मी लिहितो पत्र."

"पत्र लिहायचं असेल तर प्राध्यापकांना लिही," व्लास्ता कोट चढवत म्हणाली. "परीक्षा शनिवारी होतील. हंगामात एकही होणार नाही. कुणाला सोयीचं नसेल तर त्याला माझ्याकडे पाठव."

"सोमवारी बोलू ना. आता खा तरी थोडं."

"तू खा. माझ्या वाटणीचं मातोला ठेव."

फाटकाबाहेर बसस्टॉपवर सानेला उभी होती. संध्याकाळच्या पाळीला निघाली होती. समोरून बिटाचे ट्रक एकामागोमाग एक जात होते, चिखलाचे शिंतोडे उडवत. व्लास्ता येताना दिसली तशी ती ताठ झाली.

"बोलले मी तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "राग आला असेल."

"आला. अजून आहे. तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

"ते मी घरी जाऊन बघते. तुझ्या त्या मैत्रिणीचं नाव काय?"

सानेलाने जरा संशयानेच सांगितलं. "रूझित्सा. माझ्याच काट्यावर होती, दुसऱ्या पाळीला."

रूझित्सा! व्लास्ताला चेहरा आठवला. दुसऱ्या बाकावर बसायची, उजव्या हाताला. शनिवारच्या वर्गातल्या प्रत्येकाचं नाव आपल्याला पाठ आहे असं ती सांगत फिरायची, आणि ही मुलगी केव्हा यायची थांबली ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"कुठे असते आता?"

"डब्लिनला. सगळे जातात तिथेच. हॉटेलात खोल्या आवरते. इथे पदवी मिळाली असती तर कारखान्याच्या ऑफिसात घेणार होते तिला. साहेबांनी शब्द दिला होता. नाही झालं, तर म्हणाली, चल, मग चादरीच बदलू." सानेलाचा आवाज चिरकला. "जायचं नव्हतं हो तिला."

"नंबर दे."

"आत्ता? ती कामावर असेल, बाई."

"दे."

सानेलाने फोन लावून तिच्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मग उचलला. मागे कसलं तरी यंत्र घुरघुरत होतं.

"हां, सानेला, पटकन बोल."

"सानेला नाही. मी व्लास्ता शिमुंदिच. वर्बोवाचच्या बिझनेस स्कूलमधून."

पलीकडे घाबरा आवाज आला. "काय झालं? कुणी गेलं का?"

"नाही, नाही. सगळे ठीक आहेत. तू परीक्षेच्या तारखांबद्दल लिहिलं होतंस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं माझ्याकडून. तुझं बरोबर होतं. तारखा चुकीच्या होत्या. बदलायला हव्या होत्या आणि आम्ही बदलल्या नाहीत."



"बाई," रूझित्सा म्हणाली, "ते मी केव्हा लिहिलं होतं! माझा मुलगा आता इथल्या शाळेत जातो. तो इंग्रजीतच भांडतो माझ्याशी."

जे जे मोडलं ते व्लास्ताने आयुष्यभर दुरुस्त केलं होतं. हे दुरुस्त होणारं नव्हतं.

"विषय एकच राहिलाय ना? देशील का परीक्षा? मी तारीख लावते."

"कधीची लावणार?" पलीकडचा आवाज कडवट झाला. "प्राध्यापकांना सोयीची?"

"नाही. तू सांग."

मागचं यंत्र बंद झालं. ट्रक जात होते. सानेला ओठ घट्ट मिटून बघत होती.

"नाताळात आम्ही येतो घरी," रूझित्सा म्हणाली. "सत्तावीसला असेन मी. पण तेव्हा तुमचं स्कूल बंद असतं."

"उघडेल."

"नक्की?"

"किल्ली माझ्याकडे असते. प्राध्यापकालाही मीच आणते. सत्तावीस, सकाळी दहा?"

"सकाळी नको," रूझित्सा म्हणाली. "दुपारी ठेवा."